प्रश्न तुमचे: दहा नंबरपर्यंत चेंडू पोचतो कसा?

या वेळी फुटबॉलमधल्या आक्रमक मिडफिल्डरबद्दलची, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळून त्याला चेंडू पुरवणाऱ्या खेळाडूबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. बहुतेकांची तक्रार त्या खेळाडूबद्दल आहे: मागे येतो, चेंडू घालवतो, बचावाला हात लावत नाही, गोल करत नाही. उत्तरं मात्र बऱ्याचदा त्याच्या आजूबाजूच्या चार-पाच जणांकडे वळली आहेत, आणि ते मुद्दाम आहे. जर्सीवर आकडा कोणताही असो, इथे सोयीसाठी त्याला ‘दहा नंबर’ म्हटलं आहे.

आमच्या संघात पायात सगळ्यात जास्त कला असलेला मुलगा दहा नंबरवर खेळतो. पण सामना सुरू होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच तो चेंडू मागायला आमच्याच सेंटर बॅकच्या (बचावफळीतल्या मधल्या खेळाडूच्या) पायाशी येऊन उभा राहतो. ओरडलं की दोन मिनिटं पुढे जातो, पुन्हा मागे. काय करावं?
— खुल्या गटातल्या संघाचे प्रशिक्षक

पुढे उभं राहून चेंडू मिळत नाही, म्हणून तो मागे येतो. तेव्हा ओरडण्याआधी एका सामन्यात साधी नोंद ठेवा. त्याला चेंडू मिळाला तेव्हा तो प्रतिस्पर्ध्यांच्या मधल्या फळीच्या अलीकडे होता की पलीकडे, एवढंच पाहायचं. अलीकडे मिळाला तर फुली. पलीकडे, म्हणजे त्यांची मधली फळी आणि बचावफळी यांच्यामध्ये मिळाला तर वर्तुळ. तिथे मिळून शिवाय तोंडही गोलकडे असेल तर वर्तुळात टिंब. फळ्या सतत पुढे-मागे सरकतात, त्यामुळे मीटर मोजत बसू नका. पहिल्या हाफची ४५ मिनिटं हे काम राखीव खेळाडूंपैकी कुणालाही जमतं. फुल्यांची रांग आणि कशीबशी दोन-तीन वर्तुळं असं चित्र निघालं, तर आधी पास देणाऱ्यांकडे बघा.

पहिला बघायचा तो सेंटर बॅक. समोर मोकळी जागा असताना तो जागेवर उभा राहून शेजाऱ्याला पास देत असेल तर दहा नंबर कितीही चांगल्या जागी उभा असला तरी उपयोग नाही. सेंटर बॅकनं चेंडू घेऊन चालायचं, कुणीतरी अंगावर येईपर्यंत. प्रतिस्पर्ध्यांचा मिडफिल्डर त्याला अडवायला पुढे आला की त्याच्या पाठीमागे जी खिंड पडते, तीच दहा नंबरची जागा. कुणी आलंच नाही तर आपला सेंटर बॅक चालत चालत मध्यरेषेपाशी पोचतो. त्यातही आपलं काही बिघडत नाही.

दुसरा बघायचा तो डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, म्हणजे बचावफळीच्या लगेच पुढे खेळणारा. तो सेंटर बॅक आणि दहा नंबर यांच्या नेमक्या रेषेत उभा राहतो आणि पासची वाट स्वतःच बुजवतो, वर आपला मार्करही, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणारा विरोधी खेळाडूही, सोबत घेऊन येतो. त्याला पाच-सहा मीटर बाजूला सरकायला सांगा. मार्कर मागोमाग गेला तर वाट उघडली, नाही गेला तर हा मोकळा.

तिसरा बघायचा तो स्ट्रायकर, सगळ्यात पुढे खेळणारा. तोही पायात चेंडू मागत खाली आला की त्याच्या पाठोपाठ त्यांचे सेंटर बॅक पुढे सरकतात आणि दोन फळ्यांमधलं अंतर मिटतं. १० ते १५ मीटर अंतर असेल तर दहा नंबरला वळायला सवड मिळते. सहा-सात मीटरच उरलं तर भल्याभल्यांना पाठीवर धक्के खात खेळावं लागतं. म्हणून स्ट्रायकरनं शेवटच्या डिफेंडरच्या खांद्याला लागून राहायचं आणि अधूनमधून त्याच्या पाठीमागे धाव घ्यायची, चेंडू मिळो न मिळो. या धावेचं कौतुक करणारा प्रशिक्षक विरळाच, पण ती धाव थांबली की दहा नंबरची जागा अर्ध्यावर येते.

सरावासाठी ३६ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद जागा आखा. तिचे १२-१२ मीटरचे तीन पट्टे करा. पहिल्या पट्ट्यात आपले चौघं, म्हणजे दोन सेंटर बॅक आणि दोन मिडफिल्डर, आणि त्यांच्यावर दोन विरोधी. मधल्या पट्ट्यात फक्त दोन विरोधी, त्यांनी वाट अडवायची. तिसऱ्या पट्ट्यात दहा नंबर, स्ट्रायकर आणि दोन डिफेंडर, आणि शेवटी दोन-दोन मीटरचे दोन छोटे गोल. पहिल्या पट्ट्यातून चेंडू जमिनीवरून थेट तिसऱ्यात गेला आणि त्यावर गोल झाला तर दोन गुण, उचलून टाकून झाला तर एक. दहा नंबरला पहिल्या पट्ट्यात यायला बंदी. चार-चार मिनिटांचे पाच डाव, मध्ये दीड मिनिट विश्रांती. पहिले दोन डाव मधल्या दोघांना पट्टा सोडू देऊ नका, नंतर मोकळं करा.

यात हमखास बिघडतो तो पासचा जोर. १५-२० मीटरचा हा पास हळुवार गेला तर चेंडू पोचायच्या आत डिफेंडर पोचतो. पास सणसणीत आणि जमिनीलगत हवा, चेंडू थांबवण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. दुसरी चूक उभं राहण्याची: दहा नंबर विरोधी मिडफिल्डरच्या बरोबर मागे, त्याच्या सावलीत उभा राहतो. सेंटर बॅकला तो दिसतच नाही. दोन-तीन पावलं डावी-उजवीकडे सरकलं की दिसतो. पळायची गरज नसते. उलट, विरोधी मधली फळी मागे धावत असताना आपण नुसतं थांबलो तरी बऱ्याचदा मोकळं होता येतं.

इतकं करूनही तो कधीमधी मागे येणारच. येऊ द्या. फक्त तो आला की त्या बाजूच्या मिडफिल्डरनं त्याच्या जागी पुढे जायचं, हा करार पक्का करा. दोघंही मागे आणि पुढे कुणीच नाही, अशी वेळ आली नाही म्हणजे झालं.

चेंडू पायात आला की मागून टॅकल होतो आणि चेंडू जातो. सरावात हाच खेळाडू दोन-तीन जणांना सहज चकवतो. सामन्यात घाबरतो असं म्हणावं का?
— महाविद्यालयीन संघाच्या व्यवस्थापक

घाबरतो म्हणण्याआधी त्याची मान पाहा. चेंडू त्याच्याकडे येण्याआधीच्या पाच-सात सेकंदांत तो किती वेळा मागे वळून बघतो, हे मोबाइलवर फक्त त्याचंच चित्रीकरण करून मोजता येतं. एकदाही बघत नसेल तर मागून कोण येतंय हे त्याला धक्का लागल्यावरच कळतं. सरावात चकवतो कारण तिथे माणसं समोरून येतात.

किती वेळा बघायचं यापेक्षा केव्हा बघायचं हे शिकवावं लागतं. चेंडू दोन सहकाऱ्यांच्या मधे जमिनीवर धावत असतो, त्या क्षणी कुणाच्याच हातात निर्णय नसतो. मान वळवायची ती तेव्हा. सेंटर बॅककडून डिफेन्सिव्ह मिडफिल्डरकडे चेंडू निघाला की पहिली नजर पाठीमागे. मिडफिल्डरनं चेंडू थांबवून मान वर केली की नजर त्याच्यावर. त्याचा पास सुटला की दुसरी झटपट नजर खांद्यावरून, आणि मग चेंडूवर. नवखे खेळाडू चेंडू अंगावर येऊन पोचल्यावर मागे बघतात आणि त्या नादात पहिला टचच बिघडतो.

सराव तिघांचा आहे. पास देणारा १२ मीटरवर, मध्ये दहा नंबर, त्याच्या मागे ८ मीटरवर तिसरा खेळाडू हातात लाल आणि पिवळा असे दोन कोन (सरावाचे शंकू) घेऊन. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागायच्या बेतात असताना मागचा एक कोन उंच धरतो. चेंडू पायात यायच्या आत दहा नंबरनं रंग ओरडून सांगायचा. लाल म्हणजे माणूस मागे आहे, एका टचमध्ये परत दे. पिवळा म्हणजे मोकळं आहे, वळ. सहा पास झाले की माणसं बदला, असे चार फेरे. दुसऱ्या आठवड्यात कोन काढून घ्या आणि मागच्यालाच कधी अंगावर धावत येऊ द्या, कधी जागेवर थांबू द्या. कोनांच्याच सरावात महिना घालवला तर मुलं रंग ओळखायला शिकतात, माणूस ओळखायला नाही.

दुसरी बाब शरीराची. गोलकडे पाठ करून सरळ उभं राहिलं तर चेंडू परत देण्यापलीकडे फार काही करता येत नाही. अंग तिरकं हवं, एक खांदा आपल्या गोलकडे, दुसरा विरोधी गोलकडे, आणि चेंडू लांबच्या पायानं घ्यायचा. पहिल्या टचमध्येच चेंडू पुढे जातो आणि शरीर आपोआप वळतं.

इथे पास देणाऱ्यालाही काम आहे, ते बहुतेक संघांत कुणी सांगतच नाही. दहा नंबरच्या जवळच्या पायावर दिलेला पास म्हणजे ‘मागे माणूस आहे, परत दे’. लांबच्या पायावर दिलेला पास म्हणजे ‘वळ’. देणाऱ्याला समोरचं सगळं दिसत असतं, घेणाऱ्याला दिसत नसतं. ही खूण संघात ठरली की तोंडानं ‘टर्न’ किंवा ‘मॅन’ ओरडण्याची निम्मी गरज उरत नाही. तरी ओरडायला हरकत नाही.

मैदान खडबडीत असेल तर फळ्यांमधला लांब पास उसळ्या खात येतो आणि वळणं जुगार ठरतं. अशा वेळी वाट बदला. चेंडू आधी स्ट्रायकरच्या पायात किंवा छातीवर, त्यानं एका टचमध्ये खाली सोडायचा, आणि दहा नंबरनं समोर तोंड करून तो घ्यायचा. वळण्याचा प्रश्नच मिटला. स्ट्रायकर आणि त्याच्यात सात-आठ मीटरच अंतर हवं. जास्त झालं तर सोडलेला चेंडू मधेच कापला जातो.

आम्ही वर्षानुवर्षं ४-४-२ (चार डिफेंडर, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर) खेळतो. आता एक चांगला दहा नंबर मिळालाय. त्याला बसवायला कोणती रचना घ्यावी?
— तालुका पातळीवरच्या संघाचा कप्तान

सगळं मोडून टाकू नका. दोन स्ट्रायकरांपैकी एकाच्या जागी त्याला घ्या आणि दुसऱ्याच्या आठ-दहा मीटर मागे ठेवा. कागदावर ४-४-१-१, विंगर (दोन्ही कडांचे मिडफिल्डर) थोडे पुढे सरकले की ४-२-३-१. बाकीच्यांना आपापली कामं माहीत असतात, ती फारशी बदलत नाहीत.

बदलतं ते मधल्या दोघांचं. आधी दोघंही वाटेल तेव्हा वर जात असतील तर आता एकानं जायचं, दुसऱ्यानं थांबायचं. दोन्ही फुलबॅकनी (बचावफळीतल्या कडेच्या खेळाडूंनी) एकाच वेळी वर जाणंही बंद. दहा नंबरच्या आसपास चेंडू गेला तर प्रतिहल्ला थेट मैदानाच्या मधून येतो, त्या क्षणी आपले निदान चौघं चेंडूच्या मागे हवेत.

४-३-१-२ मध्ये दहा नंबरच्या पुढे दोन स्ट्रायकर आणि मागे तिघं मिडफिल्डर मिळतात. २००७ साली चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या मिलान क्लबची रचना नेमकी हीच नव्हती, पण त्यांच्याकडेही काका या आक्रमक मिडफिल्डरच्या मागे पिर्लो, गात्तुसो आणि अँब्रोसिनी असत. काका चेंडू घेऊन धावू शकला त्यात या तिघांचा मोठा वाटा होता. पण या रचनेत विंगरच नसतात, रुंदी सगळी फुलबॅकच्या जिवावर. दमदार फुलबॅक नसतील तर या वाटेला जाऊ नका. ४-३-३ मध्ये वेगळा दहा नंबर नसतो, तिघा मिडफिल्डरांपैकी एक वर सरकून ते काम करतो. त्याला मागे धावावंही लागतं, म्हणून तुमच्या खेळाडूची दमसास आधी तपासा.

रचना कोणतीही घ्या, विंगर कसे आहेत ते पाहा. डावखुरा विंगर उजवीकडून खेळत असेल तर तो चेंडू घेऊन आत येणार, आणि आत दहा नंबर आधीच उभा. दोघं एकाच जागेवर, वर दोघांचे मार्करही तिथेच. अशा बाजूला दहा नंबरनं जायचं नाही. विंगर आत आला की यानं दुसऱ्या बाजूच्या हाफस्पेसमध्ये (मैदानाचा मध्य आणि कड यांच्यामधल्या पट्ट्यात) सरकायचं आणि बाहेरून फुलबॅकनं वर जायचं. आणि पुढे धावणारं कुणीच नसेल, दोन्ही विंगर आणि स्ट्रायकर तिघंही पायातच चेंडू मागणारे असतील, तर दहा नंबर घेऊन फायदा नाही. त्याचा पास घ्यायला माणूस हवा.

प्रतिस्पर्धी एक माणूस फक्त आमच्या दहा नंबरच्या मागे लावतात. तो जाईल तिथे हा. आमचा खेळ तिथेच संपतो.
— जिल्हा लीगमधला मिडफिल्डर

एक माणूस फक्त एकाच्या मागे गुंतला म्हणजे त्यांच्या मधल्या फळीत एक जागा रिकामी झाली. ती वापरायची की नाही, हे तुमच्या हातात आहे.

दहा नंबरनं मार्करला घेऊन बाजूला जायचं, अगदी टचलाइनपर्यंत. मधे पडलेल्या जागेत डिफेन्सिव्ह मिडफिल्डरनं किंवा चेंडू घेतलेल्या सेंटर बॅकनं शिरायचं. मार्कर सोबत गेला नाही तर दहा नंबर बाजूला मोकळा. हे निदान दहा-बारा वेळा करावं लागतं. दोनदा करून ‘जमत नाही’ म्हणणारे संघच जास्त. दुसरा उपाय, त्यानं स्ट्रायकरशी जागा बदलायची. मार्कर मिडफिल्डर असेल तर तो शेवटच्या फळीत जाऊन खेळायला बिचकतो, आणि आपल्या माणसाला सेंटर बॅकच्या हवाली करताना त्यांच्यात सेकंदभर गोंधळ होतो. तिसरा, एका टचचा खेळ. पायात चेंडू ठेवला की मार्कर खूश. आला की दिला, आणि देताच धाव. मार्कर क्षणभर चेंडूकडे बघतो, धाव घ्यायची ती तेवढ्यात.

मधूनमधून सुटकेचा क्षण येतोच, त्यासाठी डोकं शांत हवं. १९८६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीनं मॅराडोनाच्या मागे मॅथॉयस लावला होता. मॅराडोनाला त्या दिवशी गोल करता आला नाही, पण बरोबरी झाल्यावर शेवटच्या काही मिनिटांत त्याच्याच पासवर बुरुचागा सुटला आणि अर्जेंटिनानं ३-२ असा सामना जिंकला. २००७ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात लिव्हरपूलच्या माशेरानोनं काकाला बराच वेळ बांधून ठेवलं. गोलची गरज म्हणून ७८ व्या मिनिटाला माशेरानोला बाहेर घेतलं, आणि ८२ व्या मिनिटाला काकाच्या पासवर इन्झागीनं मिलानचा दुसरा गोल केला. तुमच्या मागे लावलेला माणूस दमला किंवा बदलला की ते सगळ्यात आधी तुमच्या बाकावरच्यांना दिसतं. त्यांनी ते ओरडून सांगायचं.

आणखी एक. मार्करच्या फाउल्स मोजा, आणि कप्तानानं त्या सभ्य शब्दांत पंचांच्या लक्षात आणून द्याव्यात. वारंवार नियमभंगाला पिवळं कार्ड आहे, आणि कार्ड मिळालेला मार्कर अर्धं पाऊल लांब राहतो.

दहा नंबर बचाव करत नाही म्हणून बाकीचे चिडतात. त्याच्याकडून किती बचावाची अपेक्षा ठेवावी?
— सहायक प्रशिक्षक

थोड्या, पण न चुकवता येणाऱ्या बचावाची. त्याला दोन्ही सेंटर बॅकच्या मधे कुत्र्यासारखं पळवू नका. तिथे दम जातो, चेंडू मिळत नाही आणि पाठीमागे त्यांचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर मोकळा सुटतो. त्याचं खरं काम त्या मिडफिल्डरला अडवण्याचं आहे. आपला स्ट्रायकर सेंटर बॅकवर जाईल, दहा नंबरनं त्या मिडफिल्डरपासून दीड-दोन मीटरवर, त्याच्या आणि चेंडूच्या मधे राहायचं. स्वतः पुढे प्रेस करायला (चेंडूवाल्यावर चालून) गेलाच तर सरळ धावायचं नाही. वळसा घालून अशा रेषेत यायचं की तो मिडफिल्डर आपल्या पाठीमागे झाकला जाईल.

जोरात केव्हा जायचं, याच्या तीन खुणा ठरवा: त्यांचा पास मागे गेला, त्यांच्या खेळाडूचा पहिला टच लांब पडला, किंवा चेंडू घेणाऱ्याची आपल्या गोलकडे पाठ आहे. एरवी जागा धरून उभं राहायचं. चेंडू आपण गमावला तर पहिली चार-पाच सेकंदं मात्र त्यानं झडप घालायचीच, कारण बऱ्याचदा सगळ्यात जवळ तोच असतो.

चेंडू त्याला ओलांडून आपल्या हद्दीत खोल गेला तर त्यानं आपल्या गोलसमोरच्या बॉक्सच्या तोंडाशी, गोलपासून १६-२० मीटरच्या पट्ट्यात यावं. मागे सोडलेले पास आणि अर्धवट क्लिअर झालेले चेंडू तिथेच पडतात. गोललाइनपर्यंत त्याला खेचू नका. चेंडू हिसकावल्यावर पहिला पास घ्यायला कुणीतरी बाहेर असावं लागतं.

बाकीच्यांचा राग बहुधा तो पळत नाही यावर नसतो, चेंडू गेल्यावर तो हात पसरून उभा राहतो यावर असतो. तेवढं एक थांबवलंत तरी खेळाडू-खेळाडूंमधली निम्मी कुरकुर मिटेल.

माझे थ्रू पास (बचावफळीच्या मधून पलीकडे टाकलेले) नेहमी गोलकीपरकडे जातात, नाहीतर आमचा स्ट्रायकर ऑफसाइड. चूक कुणाची?
— १९ वर्षांखालील संघातली मिडफिल्डर

बऱ्याचदा दोघांचीही, आणि चूक वेळेची असते.

स्ट्रायकरनं धाव केव्हा सुरू करायची, याची खूण तुझ्या पायातून जायला हवी. पास देण्याआधीच्या शेवटच्या टचमध्ये चेंडू पायापासून अर्धा मीटर पुढे ढकल आणि मान वर कर. तीच खूण. त्याआधी स्ट्रायकरनं सरळ गोलकडे न धावता बचावफळीला समांतर तिरकं पळायचं आणि पास सुटताना वळायचं. ऑफसाइड ठरतो तो पास खेळला गेला त्या क्षणीच्या जागेवर, चेंडू घेतला त्या जागेवर नाही, आणि शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्या बरोबरीत असलेला खेळाडू ऑफसाइड नसतो. तू चेंडूवर तिसरा, चौथा टच घेतलास की स्ट्रायकरची वेळ चुकणारच. अशा वेळी दोष तुझा.

पासचा जोर मागच्या मोकळ्या जागेवर ठरतो. त्यांची बचावफळी वर असेल आणि गोलकीपरपर्यंत २५-३० मीटर मोकळे असतील तर जागेत पास दे, इतक्याच जोरानं की स्ट्रायकरला तो आठ-दहा पावलांत मिळेल. बचावफळी बॉक्सच्या तोंडाशी बसली असेल तर मागे जागाच नसते. तिथे थ्रू पासचा हट्ट सोड आणि पायात दे, किंवा बाजूला पसरव. तुझे पास गोलकीपरकडे जातात, त्यातले बरेचसे याच परिस्थितीत गेलेले असणार. पुढच्या सामन्यात नीट बघ.

दोन सेंटर बॅकच्या मधून सरळ जाणारा पास दिसायला सुंदर, पण तो गोलकीपरच्या हातात जाण्याची शक्यताही सगळ्यात जास्त. सेंटर बॅक आणि फुलबॅक यांच्या मधून तिरका पास टाकलास तर चेंडू गोलकीपरपासून लांब जातो. केव्हिन डी ब्रॉयनानं २०१९-२० च्या प्रीमियर लीगमध्ये २० गोल करून दिले. उजवीकडच्या हाफस्पेसमधून त्यानं टाकलेले चेंडू पाहिलेस तर कोन किती महत्त्वाचा असतो ते कळेल.

आणि डिफेंडर जागेवर असताना पास टाकू नकोस. चेंडू घेऊन त्याच्यावर चालून जा. त्याला पुढे यावंच लागतं, आणि तो पाऊल टाकतो तेव्हा त्याच्या मागची जागा उघडते. पास तेव्हा. फार उशीर केलास तर टॅकल, आधी केलास तर तो वळून चेंडू गाठतो. हे अंतर साधारण दोन-तीन मीटरचं असतं. दोन विरुद्ध एक हा साधा सराव, २० मीटर बाय १२ मीटरमध्ये, रोज दहा मिनिटं. बाकी काही नको.

काही पास वाया जाणारच. विरोधी गोलपासून ३० मीटरच्या आत वाया गेलेले मनावर घेऊ नकोस. आपल्या हद्दीत, गर्दीत टाकून गेलेले मात्र मोज आणि कमी कर.

पास उत्तम देतो, पण हंगामभरात एकच गोल. दहा नंबरला गोल कसे शिकवायचे?
— क्लबचे प्रशिक्षक

फटका मारायला शिकवण्याआधी उशिरा पोचायला शिकवा. आपला विंगर फुलबॅकला चकवून गोललाइनकडे गेला की डिफेंडर सगळे गोलकडे तोंड करून मागे धावतात आणि गोलसमोर साताठ मीटरवर गोळा होतात. पेनल्टी स्पॉट, म्हणजे ११ मीटर, ते बॉक्सची रेषा, म्हणजे १६.५ मीटर, हा पट्टा त्या दोन सेकंदांत रिकामा असतो. दहा नंबरनं त्या वेळी बॉक्सच्या बाहेर असायला हवं. विंगरनं मान वर केली की धाव, आणि चेंडू व तो एकदमच तिथे. आधी जाऊन उभा राहिला तर मार्कर त्याला हुडकतो. चेंडू मागे सोडलेला असतो आणि तो चेंडूच्या मागे असतो, त्यामुळे ऑफसाइडची भीतीही नाही.

फ्रँक लॅम्पार्डचे प्रीमियर लीगमध्ये १७७ गोल आहेत, मिडफिल्डरांमध्ये सर्वाधिक. पेनल्ट्या धरूनच, पण उरलेल्यांत अशा उशिरा घेतलेल्या धावांचा मोठा भाग आहे. ज्यूड बेलिंगहॅमनं २०२३-२४ मध्ये रेआल माद्रिदसाठी ला लीगात १९ गोल केले, तेव्हा पुढचे दोघं बाजूला पसरत आणि मधली जागा त्याच्यासाठी सोडत. तुमचा स्ट्रायकर पेनल्टी स्पॉटवरच ठाण मांडून बसत असेल तर त्याला जवळच्या पोस्टकडे धावायला सांगा, म्हणजे डिफेंडर त्याच्यासोबत जातील.

सरावात दोन्ही बाजूंनी दहा-दहा चेंडू मागे सोडा. फटका एका टचमध्ये, पायाच्या आतल्या बाजूनं, जमिनीलगत. धावत्या शरीराचा जोर चेंडूला मिळतोच. पूर्ण ताकदीनं लाथ घातली की शरीर मागे झुकतं आणि चेंडू बारवरून जातो. विसांपैकी दहा-बारा गोलच्या चौकटीत यायला लागले की एक डिफेंडर मागून धावत सोडा.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. प्रशिक्षकांनी तिला आत्तापासून दहा नंबर ठरवून टाकलंय. योग्य आहे का?
— एक पालक

ठरवून टाकू देऊ नका. या वयात तिला सगळीकडे खेळू द्या, बचावातसुद्धा. आंद्रेआ पिर्लो सुरुवातीला दहा नंबर होता. त्याला बचावफळीच्या पुढे आणून बसवल्यावर जगानं त्याला खरं ओळखलं. तीन विरुद्ध तीन, चार विरुद्ध चार असे छोटे सामने भरपूर, चार नंबरचा चेंडू, दोन्ही पाय. गर्दीत मान वर ठेवायची सवय तिथेच लागते.

साठाव्या मिनिटानंतर आमचा दहा नंबर दिसेनासा होतो. काढावा का?
— संघ व्यवस्थापक

काढायला हरकत नाही, पण आधी पहिली वीस मिनिटं तपासा. तो त्यातली दहा मिनिटं सेंटर बॅकच्या मागे धावण्यात घालवत असेल तर वरचं बचावाचं उत्तर वाचा. तसं नसेल तर ६०-६५ व्या मिनिटाला त्याच्या जागी धावणारा खेळाडू आणा. दमलेल्या बचावफळीसमोर पाठीमागे पळणारा ताजा माणूस जास्त त्रास देतो. फ्री किक आणि कॉर्नर तोच घेत असेल तर मात्र त्याला विंगवर सरकवून ठेवा, आणि त्या बाजूच्या फुलबॅकला वर जाऊ नको म्हणून सांगा.